जूनचे पैसे जानेवारीत

बाईंना नमस्कार,

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलचा माजी विद्यार्थी. सतरा वर्षं झाली, न्यू जर्सीत आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अडतीस कुटुंबांनी मिळून माजी विद्यार्थ्यांची संघटना काढली, इथल्या कायद्यानं नोंदवलीसुद्धा. यंदा दिवाळीचा कार्यक्रम मोठा केला. १४,२०० डॉलर जमले. हॉल, जेवण आणि भारतातून बोलावलेला गायक यात ८,९०० गेले. ५,३०० उरले आणि तिथून वाद सुरू झाला. शाळेच्या संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी स्वागत कमान हवी आहे. आमच्यातले काही म्हणतात, शिष्यवृत्ती द्या. एक मित्र म्हणतो, माझ्या भावाच्या खात्यावर टाका, तो नेऊन देईल संस्थेत, कशाला कागद रंगवायचे. संघटनेच्या नावात ‘बेळगाव’ लिहायचं की ‘बेळगावी’, यावर दोन घरं बोलेनाशी झालीत. आणि खरं सांगायचं तर, गेल्या वर्षी तीन मुलांना मदत केली, एकानंही साधा फोन केला नाही. निम्म्या लोकांचा उत्साह तिथंच गेला. काय करावं?

– एक माजी विद्यार्थी, न्यू जर्सी

*

तुम्ही मला ‘बाई’ म्हणून हाक मारलीत. या तालुक्यात एकतीस वर्षं गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झाले, त्यामुळं ही हाक ऐकली की माझा आवाज आपोआप वर्गातला होतो. कुठं रागावल्यासारखं वाटलं तर सोडून द्या.

आधी एक गोष्ट सांगते. शाळेचं नाव घेत नाही, मुलाचंही नाही. दहावीला ६२५ पैकी ४३८ मार्क. वडील वीटभट्टीवर. पोराला मेकॅनिकल डिप्लोमाला जायचं होतं आणि जूनमध्ये यादीत नावही लागलं. फी, बेळगावात खोलीचं डिपॉझिट, ड्रॉइंगचं साहित्य असं सगळं धरून घरच्यांनी इकडून-तिकडून जुळवलं, तरी चार हजार कमी पडत होते. भर पावसात तो माझ्या दारात आला. अंगावर स्वेटर, स्वेटरच्या आत दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली मार्कशीट. पोरगं नखशिखांत भिजलेलं, कागद मात्र कोरडा. मी म्हटलं, “अरे, आपला माजी विद्यार्थ्यांचा फंड आहे की. विचारते थांब.” विचारलं. उत्तर आलं, “मदत द्यायचीच आहे बाई, पण परदेशातली मंडळी डिसेंबर-जानेवारीत येतात. त्यांच्या हस्तेच देऊ या.” मी अजून एकदोघांना फोन केले, दोन दिवस वाट बघितली आणि तेवढ्यात प्रवेशाची मुदत संपली. चार हजार तेव्हा माझ्या कपाटात होते. ते काढून द्यायचं मला सुचलं नाही, ‘नियमानं होऊ दे’ म्हणत बसले. ही माझी चूक.

जानेवारीत समारंभ झाला. मांडव, शाल, श्रीफळ, पाच हजारांचं पाकीट. तो पोरगा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला. नखांत काळं होतं. नाव पुकारल्यावर पँटला हात पुसत-पुसतच तो स्टेजवर चढला. “घरी काय म्हणतात?” असं मी तो खाली उतरल्यावर विचारलं, तर म्हणाला, “बरं हाय की. पगार सुरू झाला न्हवं.” फोटो सुरेख आलाय. ऑफिसच्या भिंतीवर अजून आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नांतला कमान की शिष्यवृत्ती हा वाद मला खरं तर दुय्यम वाटतो. शिष्यवृत्ती दिलीत आणि ती जानेवारीत दिलीत, तर तीही एक कमानच झाली. आमच्याकडं एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागतो एप्रिल-मे महिन्यात. त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत पोराचं काय ते ठरतं. पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेणार, डिप्लोमाला जाणार, आयटीआय करणार, की मामाबरोबर गोव्याला कामावर जाणार. पैसे लागतात ते या पाच-सहा आठवड्यांत. तुम्ही पैसे गोळा करता दिवाळीला आणि गावाकडं येता नाताळच्या सुट्टीत. दिवाळीला गोळा करणं उत्तमच आहे; जूनपर्यंत सात महिने हातात मिळतात, यादी करायला, कागद बघायला, पैसे योग्य वाटेनं इथं पोचवायला. बिघडतं ते फक्त वाटपाच्या तारखेत. ती तारीख तुमच्या विमानाच्या तिकिटाला बांधू नका. समारंभ हवाच असेल तर डिसेंबरात खुशाल करा, पण मुलं तोवर अर्धं वर्ष शिकून झालेली असू देत.

आता कमान. संस्थेवर मी चिडलेली नाही. पन्नास वर्षं शाळा चालवणं, तेही सीमाभागात मराठी शाळा, हे खायचं काम नाही. पटसंख्या कमी होते, शिक्षक निवृत्त झाले की जागा रिकाम्या राहतात, आणि मग संस्थेला वाटतं की निदान दारात काहीतरी दिसावं, लोकांनी शाळा जिवंत आहे असं म्हणावं. ते मी समजू शकते. पण पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेकडं, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला कधी जाऊन बघा. तिथल्या शाळेला कमान नसली तरी चालतं. मुलींच्या संडासाला पाणी नसलं तर पोरगी आठवीत घरी बसते. बांधकामच करायचं असेल तर ते करा. एकदा अशाच चांगल्या मनाच्या मंडळींनी दिलेले संगणक मी बघितलेत: खोलीला पत्रे, जुलैत वीज जायची-यायची, इन्व्हर्टरचा खर्च कुणी धरलेला नव्हता, तीन पावसाळ्यांत खोक्यासकट बुरशी. देणाऱ्यांनी देताना विचारलं नाही आणि घेणाऱ्यांनी लाजेनं सांगितलं नाही. तेव्हा संस्थेला सरळ लिहा: “कमानीसाठी गावातून आणि इथल्या माजी विद्यार्थ्यांतून वर्गणी काढा, आम्ही वैयक्तिक देऊ. संघटनेचे पैसे मात्र मुलांसाठीच आहेत.” थोडे दिवस रुसतील.

आता पैसे पाठवायची वाट. इथं मी सगळ्यात कडक बोलणार आहे. मित्राच्या भावाच्या खात्याचा विषय आजच्या आज बंद करा. परदेशातून येणाऱ्या देणगीला आपल्याकडं २०१० चा कायदा आहे, एफसीआरए म्हणतात तो. त्यात स्पष्ट आहे की परदेशी स्रोताचा पैसा थेट आला काय आणि मधल्या माणसाच्या हातून आला काय, तो परदेशी देणगीच. भावाच्या खात्यातून फिरवून आणला म्हणून तो देशी होत नाही. उलट उद्या कुणी तक्रार केली तर अडकणार तो भाऊ आणि शाळेची संस्था. तुम्ही तिकडं सुखरूप.

यात एक फरक आहे, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतो. ज्याच्याकडं अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यानं स्वतःच्या कमाईतून, बँकेच्या रीतसर मार्गानं, थेट संस्थेला देणगी दिली तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं तो, मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्याच्या नजरेत परदेशी स्रोत. आणि तुमची संघटना अमेरिकेत नोंदलेली, त्यामुळं तिच्या खात्यातला पैसा परदेशीच, मग देणाऱ्या अडतीसपैकी पस्तीस जणांचे पासपोर्ट भारतीय का असेनात. म्हणजे एकाच हॉलमध्ये, एकाच पंगतीला बसलेल्या दोन भावांचे पैसे दोन वाटांनी यायला हवेत.

मग संघटनेच्या पैशाचं काय? संस्थेकडं एफसीआरए नोंदणी आहे का, ते आधी विचारा. नसेल तर नवी नोंदणी मिळायला संस्था किमान तीन वर्षांची असावी लागते आणि मागच्या तीन वर्षांत आपल्या मूळ कामावर १५ लाख खर्च केलेले दाखवावे लागतात. तेवढं नसेल तर ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. मंजुरी मिळाली की पैसे आधी येतात ते दिल्लीत, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनं ते सगळ्यांना सक्तीचं झालं. खानापूरच्या शाखेत जाऊन मॅनेजरच्या ओळखीनं काम होईल, असं कुणी म्हणत असेल तर ते विसरा. त्याच दुरुस्तीनं अजून एक दार बंद केलं. पूर्वी एखादी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशी पैसे घेऊन छोट्या संस्थेला पुढं देत असे. आता तसं देता येत नाही. त्यामुळं तुमच्या शाळेकडं नोंदणी नसेल तर दुसरा मार्ग असा: एफसीआरए नोंदणी असलेली आणि शिक्षणात काम करणारी संस्था शोधायची, तिच्याशी लेखी ठरवायचं, आणि मुलांचा कार्यक्रम तिनंच स्वतः चालवायचा, खर्च तिनंच करायचा. शाळा फक्त मुलं सुचवणार. कारभाराच्या खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, ती करारातच लिहून घ्या. आणि या सगळ्याला एक सीए लागेल. दोन-चार हजार वाचवायला सीए टाळू नका.

तुमच्या बाजूच्या कायद्याबद्दल मी गप्पच बसणार होते, पण माझी भाची तिकडं हिशेबाचंच काम करते, तिला विचारलं. ती म्हणाली, संघटनेला ५०१ सी ३, म्हणजे तिकडच्या करकायद्यातला धर्मादाय संस्थेचा, दर्जा असेल तरच देणाऱ्यांना करात सवलत मिळते, आणि थेट खानापूरच्या संस्थेला चेक दिला तर तिकडच्या करात त्याचा उपयोग शून्य. शिवाय संघटनेनं नुसतं पोस्टमनचं काम करायचं नसतं. पैसा कुठं जातो ते ठरवायचा आणि तपासायचा अधिकार तिच्याकडंच राहायला हवा. वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत असेल तर वार्षिक विवरण अगदी छोटं असतं, दहा मिनिटांत ऑनलाइन भरता येतं. पण ते सलग तीन वर्षं राहिलं तर दर्जा आपोआप जातो. तुमची तीन वर्षं झालीत. बघून घ्या. आणि तुमच्यातली निम्मी मंडळी मोठ्या कंपन्यांत असणार. कर्मचाऱ्यानं दिलं तेवढंच कंपनीही घालते अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते, ती कुणी वापरली का? भाची म्हणते, लोक आळसापोटी तो फॉर्म भरत नाहीत.

तिनं तुमच्या दिवाळीबद्दलही एक बोचरं बोलणं केलं, ते तसंच सांगते. तिकीट ६० डॉलरचं आणि त्यात ४० डॉलरचं जेवण असेल, तर देणगी फक्त २० ची. कागदावर तसंच लिहायचं असतं. तुमचा हिशेब मी त्याच चष्म्यानं बघितला. १४,२०० मधले ८,९०० जेवण-गाण्यात गेले, यात लाजायचं काही नाही. लोक जेवले, गाणं ऐकलं, त्याचे पैसे त्यांनी मोजले. पण त्याला निधी संकलन म्हणू नका. दिवाळी ही दिवाळी. तिचा खर्च तिकिटातून निघाला पाहिजे, गायक परवडत नसेल तर गायक नको. मुलांचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात. दोन्ही एका हंड्यात ओतलं की दरवर्षी गायकाचं विमान आधी आणि पोरगं मागून.

आणि खरंच, गायक कशाला लागतो हो? तुमच्यात मांडे करता येणारी एक तरी बाई असेलच. पालथ्या घातलेल्या मडक्याच्या बुडावर मांडा टाकताना बघायला तुमची तिकडं वाढलेली पोरं जेवढी रांग लावतील तेवढी त्या गायकाला लावणार नाहीत. एकानं कुंदा करायचा घाट घालावा, दुसऱ्यानं करपवावा, तिसऱ्यानं ‘बेळगावात असा नसतो’ म्हणावं. एवढ्यावर संध्याकाळ जाते. भाषणं मात्र दोनच, तीही जेवणाआधी.

बरं, उरलेले ५,३०० डॉलर म्हणजे साडेचार लाखांच्या घरात झाले. यात किती मुलं घ्यायची? समजा एका मुलाला वर्षाला २५ हजार धरले, तर पीयूच्या दोन वर्षांचे ५० हजार. नऊ मुलं बसतात. मी म्हणेन सातच घ्या आणि दोघांचे पैसे बाजूला ठेवा. कुणाचे वडील आजारी पडतात, कुणी एका विषयात नापास होऊन परत बसतो. आणि जो मुलगा घेतलात त्याचे शेवटपर्यंतचे पैसे पहिल्याच दिवशी हातात असायला हवेत. डिप्लोमा असेल तर तीन वर्षांचे. पुढच्या दिवाळीत कमी जमले म्हणून मुलाला बारावीत वाऱ्यावर सोडलंत, तर त्यापेक्षा न दिलेलं बरं. त्यानं तोवर फौंड्रीतली जागा सोडलेली असते.

मुलं निवडताना पहिला नंबर बघू नका. पहिल्या आलेल्या मुलीला पंचायत बक्षीस देते, सोसायटी देते, आमदार पेढा भरवतात. ३७० ते ४५० मार्कांच्या मधला जो पोरगा असतो, त्याच्या दारात कुणी जात नाही, आणि गळतो तोच. त्याची माहिती वर्गशिक्षकाला असते. कुणाची आई धुणीभांडी करते, कुणाचा बाप पितो, कुणाला रोज सहा किलोमीटर चालत यावं लागतं. अजून एक बारीक गोष्ट. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुलींना साधी सरकारी बस फुकट आहे. तरी अजून ‘मुलींसाठी बस पास’ म्हणून देणग्या येतात! मुलींना खोलीचं भाडं, पुस्तकं, चष्मा यांना द्या. पासचे पैसे मुलग्यांना लागतात.

पण मला विचाराल तर साडेचार लाखांतले पहिले चाळीस-पन्नास हजार मी मुलांना देणारच नाही. ते एका माणसाला देईन. गावातला एखादा निवृत्त मास्तर, नाहीतर कॉम्प्युटर येणारी, पदवी झालेली सून, महिन्याला थोडं मानधन. त्या माणसाचं काम एकच, मुलांचे कागद. कारण सरकारचा पैसा आहे, तो मुलांपर्यंत पोचत नाही. कर्नाटकच्या शिष्यवृत्तीचा अर्ज एसएसपी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. त्याला नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून, काढलेला जात-उत्पन्नाचा दाखला लागतो, त्याचा नंबर, बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. फॉर्म कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, आई-बापाला दोन्ही येत नाही. आधारवर ‘पाटिल’, शाळेच्या दाखल्यावर ‘पाटील’, झालं, अर्ज परत. मी स्वतः एका पोरीला घेऊन तीनदा नाडकचेरीत गेलेय, तिसऱ्या वेळेला तिथला कारकून म्हणाला, “टीचर, तुम्ही रिटायर झालाय न्हवं?” अशी कामं करणारं एक माणूस वर्षभर मिळालं, तर तुमच्या पाठवलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे ते सरकारकडून आणेल.

उदाहरण द्यायचं तर एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती घ्या. आठवीत परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. पास होऊन यादीत आला की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार, चार वर्षांत ४८ हजार. एक बुद्धिमत्तेचा पेपर, एक शालेय विषयांचा. सरावाशिवाय तो बुद्धिमत्तेचा पेपर आपल्या पोरांना अंगावर येतो, कारण तशी कोडी त्यांनी कधी बघितलेलीच नसतात. तुमच्यातल्या दोन इंजिनियरांनी आठवड्याला एक तास व्हिडिओवर तीच कोडी सोडवून घेतली, तर एकेका मुलामागं ४८ हजार येतात. हा निधी तुम्हाला दिवाळीत गोळा करावा लागत नाही.

दुसरं, बारावीनंतर महाराष्ट्रात इंजिनियरिंगला जायचं असेल, तर तिथल्या प्रवेश प्रक्रियेत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, ‘ई’ प्रकारची उमेदवारी म्हणतात. वादग्रस्त भागातल्या शाळेतून दहावी किंवा बारावी झालेलं असावं, मातृभाषा मराठी असावी, आणि त्याचे दाखले वेळेत जोडावे लागतात. दरवर्षी कुणीतरी मला ऑगस्टात विचारतं, “बाई, असं काय असतंय काय?” ऑगस्टात विचारून काय उपयोग. तुमच्या त्या मानधनाच्या माणसाच्या भिंतीवर ही तारीख लाल खडूनं लिहिलेली हवी.

तिसरी गोष्ट पैशाची नाहीच. मराठी माध्यमातून दहावी झालेलं पोर अकरावीला सायन्सच्या वर्गात बसतं आणि पहिल्याच दिवशी फिजिक्स इंग्रजीतून सुरू होतं. ‘त्वरण’ म्हणून जे त्याला पाठ असतं ते ‘ॲक्सिलरेशन’ झालं की तो गप्प होतो. दिवाळीपर्यंत गप्पच राहतो, मग आर्ट्‌सला बदली मागतो. मी अशी किती पोरं बघितलीत त्याला गणती नाही. एप्रिल-मे महिन्यात सहा आठवड्यांचा एक वर्ग घ्या, नुसते शब्द बदलायचा. तुम्हीही त्यातून गेलात ना? मग यावर तुमच्याइतकं चांगलं कोण बोलणार. आणि त्याच वर्गात कन्नड बोलायलाही शिकवा. हे वाचून आमच्याकडचे काही जण माझ्या नावानं बोटं मोडतील. मोडू देत. मराठी शाळा टिकावी म्हणून मी मोर्च्यात चाललेय, पण पोराला वीज कंपनीत नाहीतर तालुका ऑफिसात नोकरी करायची असेल तर तिथं कन्नड लागतं, आणि ते नीट आलं म्हणून त्याची मराठी कुठं सांडत नाही.

यावरून नावाचा वाद. सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी केलं. बँकेच्या, सरकारच्या, एफसीआरएच्या प्रत्येक कागदावर तेच लिहा, नाहीतर अर्ज परत येईल आणि मुलाचे दोन महिने जातील. बॅनरवर बेळगाव लिहा. एवढा सोपा विषय आहे, दोन घरांनी त्यावर अबोला धरायचं कारण मला कळलं नाही. आणि तुमच्याच गल्लीतले कन्नड माध्यमात शिकलेले लोक तिकडं असतील तर त्यांना दिवाळीला बोलवा. इकडं त्यांच्या घरचा मांडा आपण खातोच की. १ नोव्हेंबरचं, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाचं, राजकारण हा कार्यक्रमाचा विषय नको, ज्याला काळा दिवस पाळायचा त्यानं आपापल्या घरी पाळावा. तुमच्या संघटनेला तो ५०१ सी ३ दर्जा असेल, तर निवडणुकीच्या भानगडीत पडल्यावर तोही जातो.

राहिला तो न आलेला फोन. हे वाचून मला जरा हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. तुम्ही त्या तिघांना पैसे दिलेत तेव्हा फोटो काढलात ना? व्हॉट्सॲपवर टाकलात, त्यांच्या परिस्थितीसकट? गाव लहान आहे. तो फोटो त्यांच्या वर्गात पोचतो, शेजारी बाकावर बसणाऱ्यापर्यंत पोचतो. मग ते पोर तुम्हाला फोन कुठल्या तोंडानं करणार? पुढच्या वेळी फोटो नको. शाळेला सही केलेली पावती मागा, मार्कशीटची प्रत मागा, हजेरी मागा. तो हिशेब आहे आणि तो कडकच हवा. आभार हिशेबात धरू नका.

आणि फोन हवा असेल तर तुम्हीच करा. तुमच्याकडं उन्हाळ्यात शनिवारी सकाळी साडेनऊ वाजतात तेव्हा इथं संध्याकाळचे सात, थंडीत आठ. पोरं घरी असतात. ‘अभ्यास कसा चाललाय’ असं विचारू नका, ‘बरा’ म्हणून गप्प बसतील. कुठल्या बसनं जातोस, मेसमध्ये काय असतं, कुठला सर बोअर करतो, ते विचारा. त्या तिघांपैकी कुणी कणकुंबीकडचा असेल तर घरात रेंज नसते, रस्त्यापर्यंत चालत यावं लागतं. पहिला फोन लागला नाही तर लगेच ठेवून देऊ नका. दहा मिनिटांनी परत लावा.